सार्वजनिक आरोग्याची विद्या आणि आपली मुले
(ज्युबिलीच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी मागील पिढ्यांचे स्मरण इतर वक्त्यांनी केलेच आहे. आम्ही पुढील पिढीविषयी, विशेषतः पदवीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलामुलींच्या मातापित्यांशी, थोडे बोलू इच्छितो.

मूल हुशार निघाले की आपण त्यास डॉक्टर करावयाचे ठरवितो. आणि वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली नाही, की आरोग्यसेवेचे दारच मिटले असे मानतो. हा समज बरोबर नव्हे.

आपल्या जिल्ह्याच्या शिवेपलीकडे, भूमपासून फारसे लांब नसलेल्या जामखेडचे उदाहरण घ्या. डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले व नगर जिल्ह्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात सेवा करू लागले. बरे होऊन गेलेले रुग्ण त्याच दुखण्याने पुन्हा दारी येत. कारण गावचे पाणी व घरचे अन्न होते तसेच राहत होते. तेव्हा वैद्यकाची विद्या हाताशी असताही हे उभयता अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकावयास गेले, आणि परतून 1970 साली त्यांनी जामखेडास आपला प्रकल्प आरंभिला. गावच्याच स्त्रियांस, ज्यांतील कित्येकींस अक्षरओळखही नव्हती, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. 1971 साली तेथे दर हजारी 176 बालके वर्षाच्या आत दगावत. 1976 साली ही संख्या 52 वर आली. 1979 साली उभयतांस मॅगसेसे पुरस्कार लाभला.

ह्या विद्येत शिकवितात तरी काय? रोगाची साथ कोठून उठली व कोणत्या वाटेने पसरली ह्याचा माग काढणे, जन्ममृत्यूंच्या आकड्यांचा अर्थ लावणे, पोषण, पाणी, स्वच्छता, आणि कामाची व पैशाची आखणी. ह्या रोग्यास काय झाले, असे डॉक्टर विचारतो. ह्याच गल्लीत हगवण का, असे ही विद्या विचारते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गावांस ह्या प्रश्नाचे मोल सांगावयास नको.

तथापि दोन गोष्टी स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. हा पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा असून पुष्कळ ठिकाणी इतर शाखांच्या पदवीधरांसही खुला असतो. परंतु त्याने औषधोपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. दुसरे असे की, सरकारी आरोग्य मोहिमांतील पुष्कळ जागा कंत्राटी असतात. म्हणून कर्ज काढण्यापूर्वी शुल्क किती, गावोगावचे प्रत्यक्ष काम किती, आणि शिकून गेलेल्यांस कोठे काम मिळाले, हे विचारून घ्यावे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हा विषय शिकवितात. तिचेच एक आवार आपल्या तुळजापुरास असून तेथे समाजकार्य व ग्रामीण विकास ह्यांचे शिक्षण मिळते. तेथवर जाऊन चौकशी करण्यास एस.टी.चे भाडे पुरे.

बंधुभगिनींनो, आपली एखादी लेक हे शिकू म्हणाली, तर नाडी न पाहणारी ही कसली विद्या, असे बोलून तिला नाउमेद करू नका. आरोळे दांपत्य परदेशी राहिले असते तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. ते जामखेडास आले, म्हणून कित्येक पाळणे रिते झाले नाहीत. आपल्याही मुलांपैकी काहींनी शिकून ह्या मातीकडे परतावे, आणि ती परततील तेव्हा आपण त्यांस मानाने जागा द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.