वाळूचा हिशेब

घर बांधावयास काढलें कीं ब्रासभर वाळूचा भाव विचारला जातो. ती वाळू नदीनें किती वर्षांत आणली, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांत हा प्रश्न आतां टाळतां येणार नाहीं.

प्रवरा नदी अकोले तालुक्यांत सह्याद्रीवर उगम पावते व नेवासें तालुक्यांत गोदावरीस मिळते. डोंगरांतील काळा कातळ ऊन-पावसानें झिजतो आणि त्याचा चुरा पुराबरोबर पात्रांत उतरतो. हा वाळूचा थर पाणी धरून ठेवतो व काठच्या विहिरींना तें सावकाश पुरवितो. थर खरवडून नेला कीं पात्र खालावतें आणि विहिरींचें पाणीहि त्यामागून खोल जातें.

दरसाल पुरानें येणारी वाळू हें नदीचें व्याज. खालचे जुने थर हें मुद्दल. १९५४ च्या सुमारास नेवासें येथें डॉ. हसमुख सांकळिया यांना प्रवरेकांठच्या गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन मानवाचीं हत्यारें सांपडलीं. इतके पुरातन थर एका पावसाळ्यांत भरून येत नसतात. शिवाय १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण वरून येणारा पुष्कळ गाळ अडवितें. तेव्हां पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर पात्राची पातळी मोजावी, आणि जेवढी भर पडली असेल तिच्या आंतच उपसा करावा, हाच शास्त्राचा मार्ग होय.

कायदाहि याच मार्गानें आला आहे. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाहि पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक ठरविली. २०१६ मध्यें जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा नियम आला. ऑगस्ट २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, वाळूच्या पुनर्भरणाचा अभ्यास नसलेला अहवाल परवानगीस आधार होऊं शकत नाहीं. मोजणीवांचून दिलेला परवाना, मग, कायद्यासहि मान्य नाहीं.

१ मे २०२३ रोजीं राज्यांतील पहिलें शासकीय वाळूविक्री-केंद्र श्रीरामपूर तालुक्यांतील नायगांव येथें उघडलें. भाव ब्रासला ६०० रुपये होता. सामान्य माणसास घर परवडावें, हा हेतु चांगलाच होता. २०२५ सालीं तें धोरण जाऊन लिलाव आले. परंतु केंद्र असो वा लिलाव, त्यानें विक्रीची रीत ठरते. नदींतील शिल्लक ठरत नाहीं. कातळ दळून केलेली वाळू हा पर्याय आहे खरा, पण तिच्या खाणींनाहि परवानगीचें बंधन आहेच.

म्हणून घर बांधणारानें भावाबरोबर वाळूचा परवानाहि विचारावा. आपलें घर उभें राहिलें आणि नदीकांठच्या खेड्याची विहीर आटली, तर तें घर स्वस्त पडलें असें कोणीं म्हणावें?