रक्ताचा नमुना आणि माणसाचा मान
(हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषण)



आदिवासी पाड्यांवर आता रक्ततपासणी नेहमीची झाली आहे. त्या थेंबभर रक्तात काय लिहिलेले असते आणि ते कोणी वाचावे, याविषयी थोडे बोलतो.

डीएनएच्या धाग्यावर काही ठिकाणी चार अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, माळेत एकाच नक्षीचे मणी ओवावेत तसा. कोणाकडे तो ९ वेळा येतो, कोणाकडे १५ वेळा. एक माळ आईकडून मिळते, एक वडिलांकडून. बहुतेक ठिकाणी या संख्येने प्रकृतीत फरक पडत नाही; नाते मात्र कळते. म्हणून पितृत्वाच्या चाचणीत आणि पोलीस तपासात अशाच खुणा तपासतात.

नवव्या गुणसूत्रावर डी९एस११२० नावाचे असे एक ठिकाण आहे. तिथली ९ मण्यांची माळ अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या तपासलेल्या प्रत्येक समाजात सापडली. सायबेरियाच्या टोकाच्या चुकची आणि कोर्याक लोकांतही ती आहे. आशियातील तपासलेल्या इतर समाजांत ती आढळली नाही. भाषा, पेहराव, चालीरीती निरनिराळ्या, तरी या लोकांचे बहुतेक पूर्वज एकाच मूळ समूहातले असावेत, असा निष्कर्ष २००७ व २००९ च्या संशोधनातून निघाला. त्या समाजांतही अनेकांकडे ही खूण नसते. म्हणून ती नसलेला माणूस परका ठरत नाही.

हे ज्ञान मोलाचे आहे. पण ते माणसांच्या रक्तातून येते, हे विसरू नये. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या दरीत हवासुपाई नावाची छोटी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचे रक्त घेतले. मधुमेहावर उपाय सापडेल, या आशेने लोकांनी ते दिले. पुढे त्याच नमुन्यांवर मानसिक आजार, नात्यातील विवाह आणि पूर्वजांचे स्थलांतर यांचाही अभ्यास झाला. ही दरीच आमचे उगमस्थान, अशी त्या लोकांची श्रद्धा. २००३ मध्ये त्यांना हे कळले तेव्हा ते फार दुखावले आणि कोर्टात गेले. २०१० मध्ये तडजोड झाली: ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर मिळाले आणि उरलेले रक्त जमातीला परत करण्यात आले.

आपल्याकडे सिकलसेलची तपासणी अत्यंत गरजेची आहे. ती कोणी टाळू नये, असेच मी घरोघरी सांगतो. पण सुई टोचण्याआधी पावरी, भिली, गोंडी, ज्या त्या बोलीत सांगितले पाहिजे की रक्त कशासाठी घेतो, ते कुठे जाईल, निकाल कधी कळेल. आणि 'नको' म्हणण्याची मोकळीकही दिली पाहिजे. कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. समजून दिलेला होकार म्हणजे संमती.

शिबिराला मदत देताना आपण औषधे किती, रुग्ण किती, असे विचारता. यापुढे एक प्रश्न आणखी विचारा: लोकांना समजावून कोणी सांगितले? त्या कामाला बोली जाणणारी माणसे लागतात आणि वेळ लागतो. त्यासाठीही आपला हात पुढे असू द्या.