सांदवाडीचे कुंपण : लोखंडी खांबांची निवड आणि उभारणी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गावांत कुत्रा हा घरचा राखणदार. सांदवाडीत रानडुक्कर शिरले, गोठ्याजवळ काही हालचाल झाली, की तो घरच्यांना जागे करतो. पण ज्या कुत्र्याच्या भरवशावर आपण झोपतो, त्याच कुत्र्यासाठी बिबट्या आपल्या मागच्या दारापर्यंत येतो. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील बिबट्यांच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव व गावठी कुत्र्यांचा आढळला. तेथे ऊस आहे, आपल्याकडे जंगल आहे. परंतु बिबट्याची सवय तीच. चंद्रपूर शहराला लागून असलेल्या दुर्गापूर भागात २०२२ मध्ये वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांत माणसे बळी पडली. तेव्हा कुत्रा कोठे असतो आणि रात्री कोठे झोपतो, हा प्रश्न केवळ कुत्र्याचा नाही. त्याच अंगणात खेळणाऱ्या आपल्या मुलांचाही आहे.

म्हणूनच आज सांदवाडीच्या कुंपणाविषयी, आणि त्यातही खांबांविषयी बोलणार आहे. जाळी निवडताना आपण चार दुकाने फिरतो. खांब मात्र मिळेल तो घेतो. प्रत्यक्षात कुंपण पडते ते खांबामुळे. मी स्वतः पहिल्यांदा कुंपण केले तेव्हा कोपऱ्याच्या खांबांना तिरपे आधार दिले नव्हते. जाळी ताणली त्या दिवशी कुंपण तारेसारखे सरळ दिसत होते. पहिल्या पावसाळ्यात जमीन मऊ झाली, चारही कोपरे आत झुकले आणि जाळीची झोळी झाली. कुत्रा त्याच झोळीवरून बाहेर पडू लागला.

लाकूड की लोखंड?

लाकडी खुंट स्वस्त वाटतात. पण वाळवी आणि पावसाळ्यातील ओल यांमुळे ते जमिनीलगत कुजतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी नवे खुंट शोधावे लागतात. लोखंडी अँगल एकदा नीट बसविला तर पुष्कळ वर्षे पाहावे लागत नाही. मात्र तो घेताना पुढील गोष्टी तपासाव्यात.

मधल्या खांबांसाठी ४० × ४० × ५ मि.मी. चा अँगल पुरेसा होतो. कोपऱ्यांसाठी आणि फाटकासाठी ५० × ५० × ६ मि.मी. चा घ्यावा. अँगल वजनावर विकला जातो, म्हणून वजन माहीत असावे. पहिल्याचे वजन मीटरला सुमारे ३ किलो आणि दुसऱ्याचे साडेचार किलो भरते. म्हणजे ६ मीटरचा एक नग अनुक्रमे १८ आणि २७ किलोचा झाला. वजन याहून बरेच कमी भरले तर जाडी कमी आहे असे समजावे. भंगारातील अँगल घ्यायचा असल्यास हातोडीने ठोकून पाहावा. पापुद्रे निघत असतील किंवा खड्डे पडलेले असतील तर तो घेऊ नये. जस्त चढविलेला पाइपही चालतो, पण त्याचे वरचे तोंड टोपणाने बंद करावे. नाही तर आत पाणी साचून पाइप आतून गंजतो आणि बाहेरून काही कळत नाही.

किती माल लागेल?

उदाहरणादाखल १५ मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे सुमारे ५० बाय ३३ फुटांची सांदवाडी घेऊ. दोन खांबांत अडीच मीटर, म्हणजे आठ फूट अंतर ठेवावे. कोपऱ्याचे ४, फाटकाचे २ आणि मधले १५ असे २१ खांब लागतील. प्रत्येक कोपऱ्याला दोन व फाटकाच्या प्रत्येक खांबाला एक, असे १० तिरपे आधार लागतील.

मधले खांब आणि आधार २ मीटर लांबीचे कापावेत. ६ मीटरच्या नगातून बरोबर तीन तुकडे निघतात, काही वाया जात नाही. असे २५ तुकडे हवेत, म्हणजे लहान अँगलचे ९ नग. कोपऱ्याचे व फाटकाचे ६ खांब प्रत्येकी २.४ मीटरचे हवेत, त्यासाठी मोठ्या अँगलचे ३ नग. एकूण वजन सुमारे २४३ किलो होते. या आकड्याला दुकानदाराच्या किलोच्या दराने गुणले की खांबांचा खर्च घरबसल्या कळतो.

जमिनीप्रमाणे खड्डा

आपल्या भागात बरडीपासून कन्हारीपर्यंत सर्व प्रकारच्या जमिनी आहेत. बरडी, मुरमाड जमिनीत सब्बलीने खणणे कठीण जाते, पण खांब घट्ट बसतो. मधल्या खांबाला अर्धा मीटर खोली पुरते. कन्हार जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दरवर्षीच्या या हालचालीने उथळ खांब वर उचलला जातो. म्हणून कन्हारीत मधले खांबही सव्वादोन मीटरचे घ्यावेत आणि पाऊण मीटर खोल गाडावेत. तेथे खड्डा तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद ठेवावा. असा काँक्रीटचा गड्डा सहजासहजी वर येत नाही. या जादा लांबीमुळे अँगलचे नग वाढतील, तो हिशेब आधीच करावा.

कोपऱ्याचे व फाटकाचे खांब कोणत्याही जमिनीत ९० सें.मी. खोल असावेत. त्यांचे खड्डे ४० सें.मी. रुंद आणि मधले खड्डे ३० सें.मी. रुंद करावेत. काँक्रीट १:३:६ प्रमाणाचे, म्हणजे एक घमेले सिमेंट, तीन घमेली रेती व सहा घमेली गिट्टी असे घ्यावे. वरील उदाहरणात अर्धा मीटर खोलीला धरून ९ ते १० पोती सिमेंट लागेल. धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारीत हे काम करावे. जमीन खणता येते आणि हातही मोकळे असतात.

उभारणीचा क्रम

जाळीची तार बांधण्यासाठी अँगलला भोके आधीच पाडून घ्यावीत. नंतर तारेच्या ब्रशने गंज काढून रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत. कापलेली टोके आणि भोकांच्या कडा विसरू नयेत. खांब सर्वांत आधी गंजतो तो जमिनीच्या रेषेवर, म्हणून तेथे वर-खाली वीतभर डांबरी रंग लावावा.

प्रथम कोपऱ्याचे खांब ओळंब्यात उभे करावेत. मग दोरी ताणून मधले खांब एका रेषेत घ्यावेत. तिरपा आधार कुंपणाच्या रेषेतच, पुढच्या खांबाच्या दिशेने द्यावा. त्याचे वरचे टोक साधारण एक मीटर उंचीवर जोडावे व पाय काँक्रीटमध्ये बसवावा. जाळी ज्या बाजूला ओढते, त्याच बाजूने आधार लागतो. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा दोन बोटे वर आणि उतरता ठेवावा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी थांबत नाही. आठ-दहा दिवस पाणी मारावे आणि त्यानंतरच जाळी ताणावी. घाई केल्यास कच्च्या काँक्रीटमध्ये खांब हलतो, आणि एकदा हललेला खांब पुन्हा घट्ट होत नाही.

जाळी १० गेज तारेची, जस्त चढविलेली, दोन इंची छिद्रांची घ्यावी. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे लक्षात ठेवावे. सहा फूट रुंदीची जाळी घेऊन एक फूट चरात गाडावी व त्यावर दगड दाबावेत. कुत्रा आतून उकरतो आणि डुक्कर बाहेरून मुसंडी मारते. दोघांनाही त्याने अटकाव होतो. जाळी खांबाच्या बाहेरच्या अंगाला बांधावी, म्हणजे डुकराचा धक्का बांधणीच्या तारेवर न येता खांबावर येतो.

कुंपणाची मर्यादा

आता सर्वांत महत्त्वाचे. पाच फुटी कुंपण कुत्र्याला आत ठेवते आणि डुकराला बाहेर ठेवते. बिबट्याला ते अडवीत नाही. तो चढतो आणि उडीही मारतो. म्हणून रात्रीसाठी कुत्र्याला वेगळा पिंजरा असावा. अँगलच्या तुकड्यांतून दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद व दीड मीटर उंच सांगाडा वेल्डिंग करून घ्यावा. चारही बाजूंना व वर जाळी, त्यावर टिनाचा पत्रा, खाली पक्की फरशी आणि आतल्या-बाहेरच्या दोन्ही कड्या असलेले दार असावे. पंजा जाऊ शकेल अशी फट कोठेही नको. कुत्र्याला रात्री साखळीने उघड्यावर बांधू नये; त्याला पळताही येत नाही. पिंजऱ्याभोवतीची झुडपे काढावीत व तेथे दिवा ठेवावा. शेळ्यांचा गोठाही याच रीतीने वरून बंद करावा. उन्हाळ्यात अंगणात, विशेषतः मुलांना घेऊन, झोपू नये.

या कुंपणात घरची वीज कधीही सोडू नये. लोखंडी खांब आणि जाळी यांत प्रवाह आला तर त्याला पहिला हात लागेल तो घरातल्याच कोणाचा तरी. २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीड परिसरात ‘श्रीनिवास’ नावाने ओळखला जाणारा वाघ शेतातील वीजप्रवाही तारेने मेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात, ब्रह्मपुरी भागातून पकडून बोरच्या जंगलात सोडलेली वाघीण वर्धा जिल्ह्यात तशाच तारेने मेली. अशा तारांनी शेतकरीही दगावले आहेत. हा गुन्हा आहे, आणि त्याहून अधिक म्हणजे तो जिवाशी खेळ आहे. सौर कुंपणाचे यंत्र क्षणिक झटका देते. ती व्यवस्था वेगळी आहे. ते हवे असल्यास वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी.

बंधू-भगिनींनो, एकदम सर्व करणे जमत नसेल तर आधी रात्रीचा पिंजरा करावा, मग कोपऱ्याचे चार खांब पक्के रोवावेत आणि जाळी शेवटी घ्यावी. कुत्रा आपल्यासाठी जागतो. त्याला रात्री बंद दाराआड ठेवले तर तोही वाचेल आणि बिबट्यालाही आपल्या दाराशी येण्याचे कारण उरणार नाही.