निवृत्तीचा पैसा आणि सोने

(सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून आयुष्यात प्रथमच मोठी रक्कम हाती आली. सोने कधी बुडत नाही, या समजुतीने निम्म्याहून अधिक रकमेच्या पाटल्या, गोट आणि मोहनमाळ केली. दोन वर्षांनी पत्नीच्या ऑपरेशनची वेळ आली, तेव्हा ते मोडायला कोणाचाच हात धजेना. पाटल्या सुनेच्या ठरल्या होत्या, मोहनमाळ लेकीने मागून ठेवली होती. शेवटी तेच दागिने बँकेत गहाण ठेवून कर्ज काढले. घरात सोने असून आम्ही व्याज भरत बसलो. आमची चूक तुमच्या घरी होऊ नये, म्हणून आज चार शब्द बोलतो.

पहिली चूक म्हणजे दागिन्याला गुंतवणूक समजणे. हिशेब मांडून पाहा. सोने एक लाखाचे, घडणावळ बारा टक्के, म्हणजे 1,12,000 रुपये. त्यावर तीन टक्के जीएसटी 3,360. एकूण 1,15,360 रुपये गेले. तोच दागिना दुसऱ्या दिवशी मोडला तर फार तर सोन्याचे एक लाख येतील. घट धरली तर त्याहूनही कमी. म्हणजे भाव पंधरा टक्क्यांहून अधिक चढल्यावर कुठे आपले मुद्दल सुटते!

दुसरी चूक, सारी पुंजी एकाच ठिकाणी घालणे. जानेवारी 1980 मध्ये जागतिक बाजारात एका औंसाचा भाव 850 डॉलरपर्यंत गेला होता. 1999 साली तो सुमारे 250 डॉलरवर आला. 850 पुन्हा दिसायला 2008 साल उजाडले. आपल्याकडे रुपया घसरत गेल्याने ती झळ कमी लागली, हे खरे. परंतु साठीच्या माणसाला अठ्ठावीस वर्षे थांबता येत नाही. शिवाय सोने दरमहा व्याज देत नाही. किराणा आणि औषधे मात्र दरमहा लागतात.

तिसरी चूक पावतीची. ओळखीचा सराफ म्हणून आपण साध्या कागदावर हिशेब घेतो. पक्के बिल घ्यावे. दागिन्यावर हॉलमार्क, 22 कॅरेटसाठी 916 हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी पाहावा. तो क्रमांक मोबाइलवरील ‘बीआयएस केअर’मध्ये तपासता येतो. हे काम घरातल्या विद्यार्थ्यांनी करावे. सराफाच्या अकरा महिन्यांच्या हप्ता योजनेला बँकेची ठेव समजू नये. बँक ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, त्या हप्त्यांना नसतो.

सोने घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. अडीअडचणीला ते उपयोगी पडतेच. मात्र शंभरातील दहा रुपयांच्या आसपास ठेवावे, आणि तेही विकताना मन अडणार नाही अशा रूपात. गोल्ड ईटीएफमध्ये घडणावळ नाही, चोरीची भीती नाही. त्याला डीमॅट खाते मात्र लागते. सरकारी सुवर्ण रोखे नोव्हेंबर 2015 पासून निघत होते. फेब्रुवारी 2024 नंतर नवे निघालेले नाहीत. जुने शेअर बाजारात मिळतात, पण सोन्याच्या भावापेक्षा महाग तर पडत नाहीत ना, हे पाहूनच घ्यावेत. सर्व ठिकाणी वारसाचे नाव लावावे आणि घरच्यांना कागद कोठे आहेत ते सांगून ठेवावे.

प्रथम वर्षभराचा खर्च बँकेत, नंतर पोस्टातील ज्येष्ठ नागरिक योजनेसारखे नियमित उत्पन्न, आणि शेवटी सोने, हा क्रम आम्ही उशिरा शिकलो. हा पैसा सांभाळायचा तो मुलांना मागे ठेवण्यासाठी नव्हे, तर म्हातारपणी त्यांच्यापुढे हात पसरावा लागू नये म्हणून.