मॅट, माती आणि माणूस

(रौप्यमहोत्सवी वर्षातील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक' हा विषय सुचवला होता. बँकेत असताना जन्मभर तेच बोललो, म्हणून आज विषय बदलून घेतला. आज कबड्डीवर बोलतो. त्याला कारण आहे. मागच्या सर्वसाधारण सभेत रौप्यमहोत्सव निधीतून आपल्या मोकळ्या जागेसाठी कबड्डीची मॅट घ्यावी असा ठराव आला आणि सभेचे दोन तट पडले. एक मॅटवाले, दुसरे मातीवाले. मोठ्यांचं भांडण चहावर मिटलं, पण पोरांचे दोन संघ झाले ते अजून एकमेकांशी बोलत नाहीत. ठराव पुढच्या सभेत पुन्हा येणार आहे. मत देण्याआधी चार गोष्टी कानावर असाव्यात, एवढाच माझा हेतू.

पहिली गोष्ट अशी की हा वाद नवा नाही. आमच्या लहानपणी या खेळाला हुतुतू म्हणत. बंगालात हाडुडू, तामिळनाडूत चडुगुडू. महाराष्ट्रातच त्याचे तीन प्रकार होते. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी परत आत येई. गामिनीत बाद झालेला गडी बाहेरच राही, सगळा संघ बाद होईपर्यंत. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे, फक्त गुण लिहिला जाई. तिन्हींचे कट्टर लोक होते आणि प्रत्येकाला आपलाच खेळ खरा वाटे. तिकडे पंजाबात गोल मैदानातली वेगळीच कबड्डी, ती आजही जोरात आहे. आपल्या जिल्ह्याचा मान म्हणजे अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथे करून दाखवले, त्यात हा खेळही होता. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली, आणि आज आपण टीव्हीवर बघतो तो खेळ मुख्यतः संजीवनीच्या वळणाचा आहे. म्हणजे एका प्रकाराने बाकीचे मागे टाकले, पण म्हणून खेळ काही बुडाला नाही. उलट १९९० साली बीजिंगच्या एशियाडमध्ये तो शिरला आणि २०१४ पर्यंत ओळीने सात सुवर्णपदकं पुरुष संघाने आणली.

आता मॅटकडे येतो. मातीवाल्यांचं म्हणणं मला पटतं. मातीत पडण्याची एक गंमत आहे, आणि अंगाला माती लागल्याशिवाय पोरगं घट्ट होत नाही असं आपण मानतो. पण आपली माती कोणती? ही दर्यापूरची काळी कपाशीची माती. उन्हाळ्यात इतकी भेगाळते की पाय अडकावा, आणि पावसाळ्यात चपलेसकट पाय धरून ठेवते. मैदान करायचं तर बाहेरून माती आणा, चाळा, शेणखत कालवा, पाणी मारा, रोलर फिरवा, आणि हे दरवर्षी करा. दुसरं असं की वरच्या पातळीवरचे सामने आता मॅटवर होतात. मातीत अनवाणी खेळलेलं पोरगं बूट घालून मॅटवर उभं राहिलं की पहिल्या दोन चढायांत त्याचा तोल जातो. पाय कुठे रोवायचा तेच त्याला समजत नाही. निवड समितीला त्याची माती दिसत नाही, घसरणं दिसतं. तेव्हा मॅट हवी, या मताचा मी आहे. पुरुषांच्या मैदानाला १३ बाय १० मीटर लागतात, मुलींच्या १२ बाय ८. आपल्या मोकळ्या जागेत ते बसतं, दोन मोटारी दुसरीकडे लावाव्या लागतील इतकंच. त्या कोणाच्या, ते मी इथे सांगत नाही. (हशा)

पण मॅट आणली म्हणजे काम झालं असं नाही. खरा प्रश्न मॅटवर उभ्या राहणाऱ्या माणसाचा आहे.

बँकेच्या सवयीने मी एक हिशेब केला. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा लिलावात सर्वात महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजार रुपये. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले. नऊ वर्षांत वीसपट. चक्रवाढीने दरसाल चाळीस टक्क्यांच्या आसपास पडतं. अशी मुदत ठेव माझ्या उभ्या नोकरीत मी कोणाला देऊ शकलो नाही.

यावर आपल्या वयाची मंडळी लगेच म्हणतात, 'आजकालच्या खेळाडूंना निष्ठा नाही, पैसा दिसला की संघ बदलतात.' मी थोडा वेगळा विचार करतो. याच पवनचं उदाहरण घ्या. २०२२ साली त्याला २ कोटी २६ लाखांना तामिळनाडूच्या संघाने घेतलं. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि अख्खा मोसम गेला. पुढच्या लिलावात तो पुन्हा उभा होताच. आता सांगा, इथे निष्ठा कोणी कोणाशी ठेवायची? एकेकाळी एअर इंडिया, रेल्वे, भारत पेट्रोलियम, महिंद्र अशा ठिकाणी कबड्डीपटूला नोकरी मिळे. पाय मोडला तरी टेबल कायम असे. तो वीस वर्षं त्याच संघातून खेळे आणि आपण त्याला निष्ठावान म्हणत असू. त्या निष्ठेखाली पगार होता, भविष्य निर्वाह निधी होता. माझ्याही सात शाखा झाल्या, मला कोणी बेइमान म्हटलं नाही, कारण बदलीच्या आदेशावर सही बँकेची होती. खेळाडूला एका मोसमाचा करार द्यायचा आणि जन्माची निष्ठा मागायची, हा व्यवहार जमाखर्चात बसत नाही. मुलींचं तर याहून अवघड. त्यांच्यासाठी २०१६ साली तीन संघांची स्पर्धा त्या लीगने घेतली, पुढच्या मोसमात ती दिसली नाही.

साहेबांच्या देशातही हेच झालं. रग्बीत १८९५ साली हडर्सफील्ड गावी फूट पडली. भांडण कशावरून? उत्तरेकडचे खेळाडू खाणीत, गिरणीत राबणारे. शनिवारी सामना खेळला की त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्या, एवढी मागणी. वरच्या वर्गाचे लोक म्हणाले, पैसा आला की खेळ बाटला. झालं, क्लब वेगळे झाले, पुढे नियमही वेगळे झाले, एकात पंधरा खेळाडू आणि दुसऱ्यात तेरा. आणि ज्यांनी सोवळं पाळलं होतं त्यांनी बरोबर शंभर वर्षांनी, १९९५ साली, स्वतःच पैसा खुला केला. शंभर वर्षांचं भांडण बुडालेल्या मजुरीवरून! आपल्याकडे सोयाबीनच्या सोंगणीत सामना लावला तर किती पोरांचा रोज बुडतो, हे इथल्या कोणाला सांगायला नको.

म्हणून पैशाबद्दल मी पोरांना दोष देत नाही. वागणुकीबद्दल मात्र देतो. तिथे पैशाची सबब चालत नाही.

निवृत्तीनंतर आजूबाजूच्या गावांच्या स्पर्धांत मला गुणलेखक म्हणून बसवतात. बँकेचा माणूस, बेरीज चुकणार नाही, हा विश्वास. एका गावात सकाळच्या सामन्यात एका चढाईपटूचं नाव लिहिलं. दुपारी तोच दुसऱ्या गावाकडून, दुसऱ्या नावाने. मी विचारलं, 'काऊन बाप्पा, सकाळी तर तू वेगळा होता?' तो हसून म्हणाला, 'काका, तो माह्या भाऊ होता.' शेजारचे पंच म्हणाले, लिहा हो, दोन्ही गावांना चालतं. त्या संघात त्या गावचे दोनच पोरगे होते, बाकी सगळे भाड्याचे. गावची पोरं बाहेर बसून पाणी देत होती. मला वाईट वाटलं ते त्या पाणी देणाऱ्यांचं. त्यांचं गाव जिंकलं आणि त्यांना टाळी वाजवावीशी वाटली नाही.

दुसरं, पंचाशी वागणं. आमच्या वेळी चढाईत बोट लागलं की गडी स्वतः हात वर करून बाहेर जायचा. सगळेच असे होते असं नाही, पण जो जायचा त्याचं गावात नाव होई. आता बोट लागलं तरी दोन्ही हात हलवत उभं राहायचं, आणि पंचाने बाद दिलं की सगळा संघ त्याच्या अंगावर. हे वरून खाली आलेलं आहे. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडचा भारत-इराण अंतिम सामना आपण सगळ्यांनी पाहिला. शेवटची दोनेक मिनिटं, गुण २८-२८. पवन कोणालाही न शिवता लॉबीत गेला, मागोमाग इराणचे गडी गेले. जुन्या नियमाने लॉबीत शिरलेले सगळे बाद, नव्या नियमाने एकटा चढाईपटू बाद. कोणता नियम लागू, हेच ठरेना. सामना तासभर थांबला, निर्णय इकडून तिकडे फिरला, खेळाडू मॅटवर बसून राहिले. शेवटी आपण ३३-२९ जिंकलो. सुवर्णपदकाचा आनंद मलाही झाला. पण एका खेळाचे दोन नियम ठेवले की भांडण घरात येतं, हेही तिथेच दिसलं. आपले मॅटवाले-मातीवाले त्याचीच लहान आवृत्ती आहेत.

तेव्हा माझी सूचना अशी. मॅट घ्या, पण ठरावात खालील गोष्टी लिहूनच घ्या.

एक, सोसायटीच्या चषकात ज्या गावाचा वा वॉर्डाचा संघ, तिथे किमान वर्षभर राहणारा किंवा शिकणाराच खेळाडू. शाळेचा दाखला किंवा रहिवासाचा पुरावा पाहिजे. भाड्याचे गडी नकोत.

दोन, पंचाशी फक्त कर्णधार बोलेल. दुसरा कोणी बोलला तर तो त्या सामन्यापुरता बाहेर. तो पदाधिकाऱ्याचा नातू असला तरी. माझाही नातू खेळतो, त्यालाही लागू.

तीन, नियमांची एकच छापील प्रत, सामन्याआधी दोन्ही कर्णधारांची त्यावर सही.

चार, ज्याचा रोज बुडतो त्याला तो निधीतून उघडपणे, पावतीवर द्यायचा. चोरून दिलेल्या शंभर रुपयांनी जेवढा खेळ बिघडतो, तेवढा पावतीवर दिलेल्या पाचशेने बिघडत नाही.

पाच, मॅटवर आठवड्यातले तीन दिवस मुलींचे. ते कोणी 'आज जरा सोडा' म्हणून मागू नयेत.

आणि मातीवाल्यांसाठी, मॅटच्या पलीकडची पट्टी लहान मुलांकरता मातीचीच राहू द्या. दहा वर्षांच्या आतल्यांना मॅट कशाला? त्यांना घरी येऊन आईची बोलणी खाऊ द्या.

पंचवीस वर्षांपूर्वी इथे नुसती आखणी होती आणि बाभळी होत्या. कोणी शिक्षक, कोणी एसटीत, कोणी तहसीलमध्ये. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी हप्ते भरले आणि शेजारी झाले. पुष्कळांना नंतर अमरावतीत, पुण्यात घरं झाली, तरी त्यांनी इथलं घर सोडलं नाही. त्यांना कोणी करारात बांधलं नव्हतं. पोरांना निष्ठा शिकवायची असेल तर आधी त्यांना खेळायला आपली जागा देऊ या, आणि खेळताना त्यांच्याकडे बघायला आपण हजर राहू या.

पुढच्या सभेत दोन्ही संघांच्या कर्णधारांना बोलवा, अशी अध्यक्षांना विनंती करतो. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.