सीमेपलीकडची सेवा : डॉ. कोटणीस यांच्याकडून काय शिकावे?

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





आजच्या विषयाला निमित्त झाले ते एका अर्जाचे. आपल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी कार्यकारिणीकडे तो दिला. नेपाळमधल्या एका डोंगरी गावात शाळेच्या बांधकामासाठी स्वयंसेवक म्हणून महिनाभर जाण्याची संधी आली आहे, तरी प्रवासखर्चासाठी संस्थेने शिक्षणनिधीतून मदत करावी, अशी त्यांची विनंती होती. बैठकीत दोन तट पडले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "आपल्या गल्लीतले गटार तुंबले आहे, पोरांना शिकवणीला पैसे नाहीत, आणि तुम्ही नेपाळचे काय घेऊन बसलात?" दुसरे म्हणाले, "आपली मुले गल्लीच्या बाहेर कधी पडणार?" निर्णय पुढे ढकलला गेला आणि या विषयावर मेळाव्यात बोलावे, असे आम्हाला सांगण्यात आले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे आम्हाला पटत होते. हा निधी कुणा धनिकाने दिलेला नाही. विड्या वळणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या मायभगिनींनी दरमहा दहा-वीस रुपये देऊन तो उभा केला आहे. त्यातला एक रुपया जरी खर्च करायचा तरी त्याला उत्तर हवे. ते उत्तर शोधताना आम्हाला आपल्याच शहरातील एक माणूस आठवला, तो म्हणजे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

विद्यार्थी मित्रांनो, भैय्या चौकातील कोटणीस स्मारक आपल्यापैकी किती जणांनी आत जाऊन पाहिले आहे? रोज त्या रस्त्याने जाणारे आम्हीसुद्धा अनेक वर्षे आत गेलो नव्हतो, हे कबूल केले पाहिजे. व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा चित्रपट मात्र सर्वांना ऐकून माहीत असतो. म्हणून ही हकीकत थोडी विस्ताराने सांगतो.

डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मध्यमवर्गीय घर होते. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. पुढील शिक्षणाची तयारी चालू असताना १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी जनरल चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. आपला देश स्वतः गुलाम होता, तरीही त्या निधीत बावीस हजार रुपये जमले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस असे पाच डॉक्टर निवडले गेले. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून त्यांची बोट निघाली. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही पूर्ण नव्हते. त्यांच्या घरच्यांना चीनविषयी काय ठाऊक होते? दारावर चिनी रेशीम विकायला येणारे फेरीवाले, एवढेच.

फेब्रुवारी १९३९ मध्ये हे पथक येनानला पोहोचले. मोहिमेवर असतानाच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. परतायला कुणाची आडकाठी नव्हती, पण ते परतले नाहीत. पुढे ते आणि डॉ. बसू शान्सी, चाहार व हेबेई या तीन प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात गेले. तो शत्रूने चोहोबाजूंनी कोंडलेला मुलूख होता. औषधे नाहीत, इस्पितळाला पक्की इमारत नाही. जखमींना खेड्यातील घरांत ठेवायचे, शत्रू आला की सगळे गुंडाळून पुढच्या डोंगरात जायचे. अन्न म्हणजे राळ्याचा भात. १९४० सालच्या मोठ्या लढाईत तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमींवर त्यांनी उपचार केले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून याच मुलखात काम करीत असताना, शस्त्रक्रियेत बोट कापून रक्तात विष भिनल्यामुळे १२ नोव्हेंबर १९३९ रोजी वारले होते. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे कोटणीस १९४१ च्या जानेवारीत संचालक झाले. तेथील परिचर्या-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी, थांग जिल्ह्यातील एका खेड्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. इतर चौघे टप्प्याटप्प्याने मायदेशी आले, पण आपला सोलापूरकर तेथेच राहिला.

मित्रांनो, एवढे ऐकून टाळ्या वाजवून घरी जाणे सोपे आहे. पण आपल्यापुढे अर्ज आहे. म्हणून या आयुष्यातून कोणते नियम निघतात ते पाहू.

पहिली गोष्ट, ते बोलावल्यावरून गेले. मदत हवी असे चीनने कळवले होते, आणि काय हवे तेही सांगितले होते, डॉक्टर. पाचही जणांच्या अंगी तेच कौशल्य होते.

दुसरी गोष्ट भाषेची. कोटणीस चिनी भाषा शिकले. नुसते बोलायला नव्हे, तर त्या भाषेत वर्ग घेण्याइतकी आणि शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहिण्याइतकी. त्यातला एक ग्रंथ त्यांच्या मृत्यूमुळे अपुरा राहिला. पाचही डॉक्टरांनी आपल्या नावाला 'हुआ' हे अक्षर जोडून घेतले होते. कोटणीस तेथे 'ख तीहुआ' झाले. सावळ्या वर्णाच्या या डॉक्टरला तेथील लोक 'काळी आई' म्हणत, असे सांगतात. काळा रंग म्हणून हिणवणारा शब्द आपण पुष्कळ ऐकला आहे. त्याच रंगाला 'आई' हा शब्द जोडला जातो, तेव्हा तो कमावलेला असतो.

तिसरी गोष्ट, त्यांनी माणसे तयार केली. एक डॉक्टर किती जखमा शिवणार? खेड्यातली पोरे परिचारक झाली, परिचारकांचे पुढे डॉक्टर झाले. त्यामुळे कोटणीस गेल्यावरही रुग्णालय चालू राहिले.

चौथी गोष्ट डॉ. बसूंची, जी आपण विसरतो. ते १९४३ साली परतले. पुढे पुन्हा चीनला जाऊन त्यांनी तेथील सुया टोचण्याची उपचारपद्धती शिकून घेतली आणि कलकत्त्यात ती सुरू केली. म्हणजे जो द्यायला गेला, तो घेऊनही आला. आपल्यालाच सारे ठाऊक आहे असे समजणाऱ्याला हे जमत नाही.

आता कुणी विचारील, कोटणीस आपल्या समाजातले नव्हते, बौद्ध नव्हते, मग धम्माच्या व्यासपीठावर त्यांचे गुणगान कशासाठी? प्रश्न रास्त आहे. १९४२ साली त्यांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व घेतले होते. बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी नेपाळातच, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत, बुद्ध आणि मार्क्स यांच्या मार्गांची तुलना केली. दुःख आणि शोषण नाहीसे करण्याचे ध्येय दोघांचेही आहे, पण बळजबरीचा मार्ग आपला नव्हे, मन बदलण्याचा मार्ग आपला, असे त्यांचे प्रतिपादन होते. तो फरक आम्ही पुसू इच्छित नाही. पण जखमीच्या उशाशी बसणारा माणूस कोणत्या पक्षाचा, हे जखमी विचारीत नाही.

आणि धम्मात याला आधार नाही असे कोण म्हणेल? एक भिक्खू आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगून त्याच्या साथीने त्या भिक्खूला धुतले. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने रुग्णाची करावी, असा त्यांचा उपदेश विनयपिटकात आहे. त्याच पिटकात भाषेचीही गोष्ट आहे. बुद्धवचन पंडितांच्या छंदोबद्ध भाषेत बसवण्याची परवानगी दोन भिक्खूंनी मागितली, ती तथागतांनी नाकारली. लोकांच्या बोलीत सांगा, हाच त्यांचा आग्रह. आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना त्यांनी बहुजनांच्या हितासाठी चारी दिशांना पाठवले, आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे बजावले. ते भिक्खू गल्लीत बसून राहिले असते तर धम्म चीनला पोहोचला नसता. कोटणीस ज्या मुलखात राबले त्याच मुलखात वुताई पर्वत आहे, जो चिनी बौद्ध मंजुश्री बोधिसत्त्वाचे स्थान मानतात. भारतात येऊन विनयग्रंथ घेऊन गेलेला फाहियान शान्सीचाच. कोटणीसांची वाट जुनीच होती.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारले आहे, भिक्खू कशासाठी आहे, केवळ स्वतः परिपूर्ण होण्यासाठी की लोकांची सेवा करण्यासाठी? हा प्रश्न चीवरधाऱ्यांपुरता नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला त्यांनी शिकलेल्यांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती आपल्याविषयी होती. नोकरी लागली, फ्लॅट घेतला, की आम्ही वस्तीकडे पाठ फिरवतो.

सेवा चुकते कशी, हेही आम्ही पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. वस्तीत दारोदार फिरून आम्ही जुने कपडे गोळा केले, गाठोडी बांधली. मोठ्यांबरोबर टेम्पोत बसून आम्हीही गेलो. तेथे रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले होते. आमची गाठोडी त्याच ढिगावर गेली. एक म्हातारा दगडावर बसला होता. तो म्हणाला, "पोरांनो, कपडं लई आल्यात. माझं खोरं तेवढं कुणी आणलं न्हाई." घरचे ढिगाऱ्याखाली होते आणि उकरायला खोरे नव्हते. आमच्यापैकी कुणीही निघण्यापूर्वी विचारले नव्हते की काय हवे आहे. आमची भावना खोटी नव्हती, पण नुसत्या भावनेवर टेम्पो भरला होता.

हीच चूक आता नेपाळात होऊ नये. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तेथे सुमारे नऊ हजार माणसे गेली, गावेच्या गावे, शाळा जमीनदोस्त झाल्या. मदतीला देशोदेशीचे लोक धावले. त्यात खरे काम करणारे होते, तसे फोटो काढून परतणारेही होते. परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर डोळा ठेवून, आईबाप हयात असलेल्या मुलांनाही तेथे अनाथ म्हणून बालगृहांत ठेवल्याची उदाहरणे उघडकीस आली आहेत. चार आठवडे येऊन लळा लावणारा आणि निघून जाणारा 'दादा' अशा मुलाचे काय भले करतो? ज्याने कधी थापी धरली नाही त्याने भिंत बांधली, तर गावच्या गवंड्याला ती पुन्हा बांधावी लागते, आणि तेवढे दिवस त्याची मजुरीही बुडते.

मग अर्ज नामंजूर करावा का? आमचे मत तसे नाही. भारतीयाला नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, त्यांची लिपी आपलीच देवनागरी आहे, आणि जातीचा जाच तेथील दलित बांधवांनाही सोसावा लागतो. आपल्या मुलांना तेथे बोलायला आणि शिकायला पुष्कळ आहे. गटार तुंबले म्हणून जग पाहायचे नाही, असा नियम केला तर आपण कायमचे गटाराशेजारीच राहू. पण जग पाहण्याच्या नादात गटार विसरणारा आम्हाला नको.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही काही सूचना ठेवतो. त्या गावाच्या शाळेकडून लेखी विचारणा यावी, की तुम्हाला कोणत्या कामाची माणसे हवीत. आपल्या दोघांनी निघण्यापूर्वी तीन महिने नेपाळी शिकावी. सोलापुरात पहाऱ्याचे आणि हॉटेलात काम करणारे नेपाळी बांधव आहेत, त्यांच्याजवळ बसावे, त्यांचेही सुखदुःख विचारावे. दोघांपैकी एकजण आयटीआयचा वायरमन आहे; त्याने तेथे वायरिंग करावे आणि गावच्या दोन मुलांना शिकवून यावे. बालगृहात जाऊ नये. परतल्यावर पै-पैचा हिशेब सभासद भगिनींसमोर मांडावा. आणि तेथे एक महिना, तर येथे अभ्यासिकेत एक वर्ष, अशी कबुली आधी द्यावी. एवढे मान्य असेल तर प्रवासखर्चापैकी अर्धा संस्थेने द्यावा. उरलेल्या अर्ध्यासाठी आम्ही नोकरी करणारे सभासद आहोत. पहिली पावती आमच्या नावाची फाडावी.

ज्येष्ठांना एक विनंती. गटाराचा प्रश्न खरा आहे, पण तो फक्त कुणी बाहेर जायला निघाला की आठवतो, असे होऊ नये. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही खोरे घेऊन तेथे येणार आहोत. अर्जदार दोघेही येणार आहेत. आपणही यावे.

कोटणीसांचा जन्मदिवस १० ऑक्टोबर, नागपूरच्या धम्मदीक्षेची तारीख १४ ऑक्टोबर. मध्ये चारच दिवस आहेत. दरवर्षी त्या चार दिवसांत आपल्या विद्यार्थ्यांनी एकदा भैय्या चौकात जाऊन यावे, एवढे सुचवून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!