मुळी आणि गोळी

धार जिल्ह्यात, विंध्याच्या उतरणीखाली नर्मदेच्या खोऱ्याकडे, कुक्षीच्या बाजूला डही हे गाव आहे. भोवतालची वस्ती बहुतांशी भिल्ल आणि भिलाल्यांची. या मुलखातील एखाद्या गृहिणीला महिनेच्या महिने झोप लागेनाशी झाली, अन्नावरची वासना उडाली, पोटच्या मुलाच्या हसण्यानेही तिचे चित्त हलेनासे झाले, तरी ‘मला खिन्नतेचा विकार जडला आहे’ असे ती म्हणत नाही. छाती धडधडते, अंग मोडून येते, जीव घाबरा होतो, अशी तिची तक्रार असते. घरची माणसे तिला प्रथम बडव्याकडे नेतात. मग बाजारातील जडीबुटी येते. त्यानेही भागले नाही तर औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी येते. डॉक्टरची पायरी चढलीच तर सर्वांच्या शेवटी. हे केवळ आदिवासी भागातच घडते असे नव्हे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, खिन्नता आणि चिंता यांसारख्या नेहमीच्या मनोविकारांनी पीडलेल्या शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी माणसांना योग्य उपचार मिळतच नाहीत.

धार, देवास, इंदूर किंवा पुणे येथील सुशिक्षित घरांतून मात्र याच प्रश्नावर वाद रंगतो. एक पक्ष म्हणतो, गोळ्या म्हणजे विष, निसर्गाने दिलेले औषध निरुपद्रवी. दुसरा पक्ष म्हणतो, झाडपाला ही अडाण्यांची समजूत, खरे औषध प्रयोगशाळेतून येते. दोन्ही पक्ष आवेशाने बोलतात आणि दोघांनाही माळव्याच्याच मातीत वाढणाऱ्या एका मुळीचा इतिहास ठाऊक नसतो.

ती मुळी म्हणजे सर्पगंधा. इंदूरच्या कृषी महाविद्यालयात तिची ‘आरएस-1’ नावाची जात विकसित झाली. बिहारकडे वेडावरचे औषध म्हणून लोक ती पिढ्यान्‌पिढ्या देत आले होते. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण येतो, असे वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतील क्षारद्रव्ये वेगळी काढली. तरीही पाश्चात्त्य वैद्यकाने तिच्याकडे लक्ष दिले नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांना ती देऊन आपले निष्कर्ष 1949 साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडले, तेव्हा कोठे जग जागे झाले. 1952 साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतून ‘रेसरपिन’ हे द्रव्य निराळे केले. 1954 साली न्यूयॉर्क राज्यातील नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील तिच्या उपयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. 1957 साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक ज्यांना मिळाले त्यांत क्लाइन होते आणि वकीलही होते. बिहारच्या खेड्यातील मुळी अशा रीतीने गोळी झाली.

आता तिला निसर्गोपचार म्हणावे की औषध? प्रश्न निरर्थक आहे. पण या कथेचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. रक्तदाबासाठी रेसरपिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल खिन्नता ग्रासू लागली, अशा नोंदी 1950 नंतरच्या दशकात येऊ लागल्या. मन शांत करणारी मुळीच मनाला काळोखात लोटते की काय, अशी शंका निर्माण झाली. उलट 1955 साली लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांना चिठ्ठ्या टाकून रेसरपिन किंवा निष्क्रिय गोळी दिली, तेव्हा रेसरपिन घेणाऱ्यांना आराम पडलेला दिसला. द्रव्य एकच, निष्कर्ष परस्परविरोधी. रेसरपिनमुळे मेंदूतील काही रसायने ओसरतात, या शोधावरून ‘मेंदूतील रसायने कमी पडली म्हणजे माणूस खिन्न होतो’ हा सिद्धान्त उभा राहिला. तो पुढे फार लोकप्रिय झाला. आज मात्र तो इतक्या सोप्या रूपात जाणकार मानत नाहीत.

यातून निघणारा धडा व्यवहाराचा आहे. मुळी निसर्गातून आली म्हणून ती सौम्य ठरत नाही. तिच्या सालीत द्रव्य किती उतरले आहे हे मातीवर, ऋतूवर आणि झाडाच्या वयावर अवलंबून असते. शिवाय तिच्याच जातीच्या दुसऱ्या झाडाची मुळे तिच्या नावाने विकली जातात, ती निराळीच. बाजारातील चिमूटभर भुकटीत किती मात्रा आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही आणि घेणाऱ्यालाही. रक्तदाब एकाएकी खाली जाणे किंवा हातपाय ताठर होणे हे तिचे ज्ञात परिणाम आहेत. ज्याला खिन्नता आहे त्याने सर्पगंधा स्वतःच्या मनाने घेऊ नये, हे तर निश्चित.

मंदसौर आणि नीमच या भागांत पिकणाऱ्या अश्वगंधेची गोष्ट थोडी वेगळी. 2012 साली भारतात 64 व्यक्तींवर 60 दिवस झालेल्या एका चाचणीत, तिचा अर्क घेणाऱ्यांचा मानसिक ताण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक उतरलेला आढळला. त्यानंतरच्या काही लहान चाचण्यांचा कलही तिच्या बाजूचा आहे. पण चौसष्ट माणसे म्हणजे फार नव्हेत, आणि ताण म्हणजे खिन्नतेचा विकारही नव्हे. यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत, गर्भवतीने ती टाळावी असे सांगितले जाते, आणि 2023 साली डेन्मार्कने तिच्यावर बंदी घातली. तो निर्णय अनेकांना अतिरेकी वाटला, पण त्यामागील शंका पोकळ नव्हती. युरोपात ज्या वनस्पतीचा सर्वांत अधिक अभ्यास झाला ती म्हणजे सेंट जॉन्स वर्ट. सौम्य व मध्यम खिन्नतेत तिचा गुण नेहमीच्या गोळ्यांच्या जवळपास येतो असे अनेक चाचण्यांवरून दिसते. मात्र ती यकृताचे काम इतके वेगवान करते की गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी औषधे, मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाचे प्राणरक्षक औषध, सारीच निष्प्रभ होऊ शकतात. खिन्नतेच्या गोळीबरोबर ती घेणे तर धोक्याचेच.

गोळ्यांच्या पक्षानेही फार मिरवू नये. 2018 साली 522 चाचण्या आणि 1,16,477 रुग्ण एकत्र धरून 21 औषधांचे परीक्षण झाले. सर्व औषधे निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली, पण ते सरसपण सरासरीने माफक होते. विकार जितका तीव्र, तितका गोळीचा आधार अधिक मोलाचा. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ आणि अस्वस्थता मात्र पहिल्या आठवड्यातच येते. नेमक्या याच वेळी घरातील कोणीतरी ‘ही गोळी तुला सोसत नाही’ असे म्हणते आणि औषध सुटते. तरुण रुग्णावर या आरंभीच्या दिवसांत विशेष लक्ष ठेवावे लागते. बरे वाटू लागल्यावरही गोळी एकदम सोडायची नसते, हळूहळू उतरवायची असते.

याहून निराळ्या त्या झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम आणि डायझेपाम. त्या तासाभरात आराम देतात, म्हणूनच त्या फसव्या. काही आठवड्यांत शरीराला त्यांची सवय जडते. मग त्या अचानक बंद केल्या तर झटकेही येऊ शकतात. 2014 पासून त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत ठेवावी असा नियम आहे. चिंता शमवायला अशी गोळी वर्षानुवर्षे घेणारा मनुष्य जेव्हा झाडपाल्याला हसतो, तेव्हा हसू कोणाचे यावे हा प्रश्नच आहे.

आणि मुळी-गोळीच्या भांडणात तिसरा उपाय विसरलाच जातो. चरकाने उपचारांचे तीन प्रकार सांगितले. त्यांतील ‘सत्त्वावजय’ म्हणजे अहितकर विषयांपासून मन आवरणे. आयुर्वेदाच्या नावाने पुड्या विकणारे याचा उच्चारही करीत नाहीत. गोव्यात याच जातीच्या उपायाची कठोर परीक्षा झाली. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या सल्लागारांनी तीव्र खिन्नतेच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकी दिल्या. कोणते काम सुटले, कोणाशी बोलणे तुटले हे विचारून दिनक्रम पुन्हा थोडाथोडा उभा करायचा, एवढेच त्या बैठकींत होते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातील 64 टक्के रुग्ण विकारातून बाहेर आले होते. ज्यांना केवळ केंद्रातील नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्के होते. हीच पद्धत आशा कार्यकर्तींना शिकवण्याचे काम पुढे देवासच्या शेजारच्या सीहोर जिल्ह्यात झाले. बडव्याकडे लोक का जातात याचेही थोडे उत्तर यात आहे. तो निदान बसवून घेतो आणि ऐकतो.

डहीच्या त्या गृहिणीला दवाखान्यात नेताना घरच्यांनी दोन वस्तू बरोबर घ्याव्यात, बाजारातून आणलेली पुडी आणि आधीच्या गोळ्यांची पट्टी. पुष्कळ माणसे पुडी लपवतात, कारण डॉक्टर रागावेल ही भीती. डॉक्टरनेही रागावू नये. पुडीतील मुळी आणि लिहून दिलेली गोळी यांची आत गाठ पडली तर ती रुग्णाच्या अंगावर येते. तिच्या तोंडी मरणाची भाषा येऊ लागली असेल तर मुळी की गोळी हा विचारच नको. शेतातील कीटकनाशक त्याच दिवशी कुलपात ठेवावे, तिला एकटे सोडू नये आणि थेट रुग्णालय गाठावे. रात्र असेल, गाडी मिळत नसेल, तर 14416 या क्रमांकावर टेली-मानसची सेवा 2022 पासून अहोरात्र आणि विनामूल्य चालू आहे. तेथे मराठीतही बोलता येते.